बेचिराख गांवचें ख्रिस्तमंदिर

आपल्याकडील जुन्या महसुली दप्तरांत 'बेचिराख' असा एक शब्द भेटतो. चिराग म्हणजे दिवा. ज्या गांवांत सांजवेळीं दिवा लावावयास कोणी उरलें नाहीं तें गांव बेचिराख. गांव उठून जातें, घरांच्या भिंती पावसांत विरघळून मातीस मिळतात, आणि शेजारचा शेतकरी त्या जागेला नुसती 'पांढर' म्हणूं लागतो. पुष्कळदां अशा पांढरीवर एखादें देऊळ मात्र उभें असतें. घरें मातीचीं आणि देऊळ दगडाचें, हें त्याचें एक कारण खरें. परंतु तेवढेंच कारण नव्हे. घर एका कुटुंबाचें असतें, देऊळ साऱ्या गांवाचें असतें, आणि तें पाडण्याचा हिय्या सहसा कोणास होत नाहीं.

इंग्लंडसारख्या दाट वस्तीच्या देशांतहि अशीं बेचिराख गांवें आहेत, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. खुद्द त्या देशांतील विद्वानांनाहि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ह्याची नीटशी कल्पना नव्हती. आज तेथें मध्ययुगीन ओसाड गांवांच्या सुमारें ३,००० जागा ओळखल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं यॉर्कशायर परगण्यांतील व्हॅरम पर्सी ह्या गांवाचा जितका बारकाईनें अभ्यास झाला, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्याचा झाला असेल. गांवाच्या घरांपैकीं एकहि आज उभें नाहीं. गवताखालीं त्यांच्या पायांचे उंचवटे तेवढे दिसतात. परंतु छप्पर गेलेलें आणि मनोरा अर्धा कोसळलेला, अशा स्थितींत तेथील संत मार्टिनचें मंदिर मात्र उभें आहे. त्या मंदिराची हकीगत येथें सांगावयाची आहे. विद्यार्थिमित्रांनीं ती वाचतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ह्या गांवचे लोक लिहिणारे नव्हते. त्यांनीं आपला इतिहास कागदावर ठेवला नाहीं. जो काय ठेवला तो ह्या भिंतींत आहे.

यॉर्क शहराच्या ईशान्येस मॉल्टन नांवाचें बाजाराचें गांव आहे. तेथून सहासात मैलांवर वोल्ड्स नांवाच्या टेकड्यांत हें ठिकाण आहे. ह्या टेकड्या खडूच्या जातीच्या मऊ, पांढऱ्या दगडाच्या आहेत. असल्या दगडांतून पाणी झिरपून खोल जातें, म्हणून वर ओढे-नाले फारसे नसतात, आणि जेथें झरा फुटतो तेथें माणसें वस्ती करतात. व्हॅरम पर्सीला असे झरे होते. गांवांतील घरें वरच्या सपाटीवर ओळीनें बांधलेलीं होतीं. प्रत्येक घरामागें त्याचें परसूं, आणि त्यापलीकडे सर्वांचीं सामाईक नांगरटीचीं शेतें. मंदिर मात्र उताराखालीं, खोऱ्यांत, पाण्याजवळ बांधलें होतें. त्याच्या दक्षिणेस तळें आहे. पूर्वीं तेथें पाणी अडवून पाणचक्की चालवीत, पुढें त्यांत मासे पाळीत.

आतां मंदिराची रचना कशी असते तें थोडक्यांत पाहूं, म्हणजे पुढील भाग समजण्यास सोपा जाईल. इंग्लंडांतील खेड्यांतलें मंदिर पूर्व-पश्चिम लांब असतें. पूर्वेकडील भागास चॅन्सेल म्हणतात. तेथें वेदी असते व उपाध्याय उपासना चालवितात. त्याच्या पश्चिमेस नेव्ह, म्हणजे मंडळीनें बसण्याउठण्याचा सभामंडप. सभामंडप लहान पडूं लागला कीं त्याच्या उत्तरेस किंवा दक्षिणेस एक अरुंद दालन जोडीत. आपल्याकडे माजघराला पडवी जोडतात तसाच हा प्रकार असल्यामुळें आपण त्याला पडवीच म्हणूं. पडवी जोडावयाची तर मधली भिंत अडचण करते. म्हणून ती भिंत फोडून तिच्या जागीं खांब व कमानी उभ्या करीत, आणि वरचें वजन त्या कमानींवर तोलून धरीत. पश्चिम टोंकास घंटेचा मनोरा. मध्ययुगांत चॅन्सेलच्या डागडुजीचा भार धर्माधिकाऱ्यावर, आणि सभामंडपाच्या डागडुजीचा भार गांवकऱ्यांवर असे. हा नियम विसरूं नये. सभामंडप वाढला तर तो गांवकऱ्यांच्या पैशानें व श्रमानें वाढला, आणि लहान झाला तर तो त्यांनाच पेलेनासा झाला म्हणून.

खोदकाम करणाऱ्यांचें अनुमान असें कीं, ह्या जागीं पहिलें मंदिर दहाव्या शतकांत लांकडाचें असावें. अकराव्या शतकांत त्याच्या जागीं एक लहानसें दगडी मंदिर आलें. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, आणि वीस वर्षांनीं, १०८६ त, विल्यम राजानें देशांतील जमिनीची मोजदाद करविली. त्या मोजणीच्या प्रसिद्ध ग्रंथांत व्हॅरमचें नांव आहे. पुढें हें गांव पर्सी घराण्याकडे आलें, व त्यांचें नांव गांवाच्या नांवास चिकटलें. बाराव्या शतकांत जुन्या लहान मंदिराच्या जागीं अधिक मोठें मंदिर झालें. त्याच शतकांत त्याला दक्षिणेची पडवी जोडली गेली आणि तेराव्या शतकांत उत्तरेची. म्हणजे पांचपंचवीस माणसें दाटीवाटीनें उभीं राहतील असल्या खोलीपासून आरंभ होऊन तीनशें वर्षांत दोन्ही बाजूंस पडव्या असलेलें ऐसपैस मंदिर उभें राहिलें.

ही वाढ केवळ माणसें वाढल्यामुळें झाली, असें म्हणणें मात्र धाडसाचें होईल. त्या काळीं श्रीमंत घराणीं आपल्या पूर्वजांसाठीं निराळ्या वेद्या बांधवून घेत, मिरवणुकींना वाव हवा असे, आणि शेजारच्या गांवापेक्षां आपलें मंदिर उणें दिसूं नये ही ईर्षाहि मनुष्यस्वभावांत आहेच. तथापि गांव भरभराटींत होतें ह्याबद्दल शंका नाहीं. भरीचें गांव म्हणजे सुमारें चाळीस घरें. शिवाय हें मंदिर एकट्या व्हॅरम पर्सीचें नव्हतें. एका मंदिराच्या हद्दींत येणाऱ्या मुलुखाला पॅरिश म्हणतात. ह्या पॅरिशमध्यें व्हॅरम पर्सी, थिक्सेंडेल, रेस्थॉर्प, बर्डेल व टाउथॉर्प अशीं पांच गांवें होतीं. पांचहि गांवचीं मुलें बाप्तिस्म्यासाठीं येथें आणीत, लग्नें येथें लागत, आणि प्रेतें येथेंच पुरीत.

ह्यानंतरची गोष्ट पुष्कळ पुस्तकांत चुकीची सांगितलेली असते. इ. स. १३४८ त इंग्लंडांत प्लेगची भयंकर सांथ शिरली आणि पुढल्या वर्षीं ती यॉर्कशायरपर्यंत पोंचली. देशांतील तिसरा हिस्सा, कित्येकांच्या मतें त्याहूनहि अधिक लोक त्या सांथींत मेले. ओसाड गांव दिसलें कीं, 'हें प्लेगनें ओस पडलें' असें सांगून मोकळें होण्याची रीत त्यामुळें पडली. व्हॅरम पर्सीलाहि प्लेगचा तडाखा बसलाच. परंतु गांव त्यानें मोडलें नाहीं. इ. स. १३६८ च्या सुमारास, म्हणजे सांथीनंतर वीस वर्षांनीं, तेथें जवळजवळ तीस घरें नांदतीं होतीं. माणसें मेलीं, तरी जमीन होती. आणि जमीन होती म्हणून उरलेल्यांनीं पुन्हां नांगर धरला.

गांव मोडलें तें निराळ्या कारणानें, आणि सावकाश. माणसें थोडीं झाल्यामुळें मजुरी महागली व धान्याची मागणी घटली. उलट लोंकरीला व लोंकरीच्या कापडाला भाव आला. शेत नांगरावयाचें तर नांगर, बैल, पेरणारे, कापणारे, मळणारे असे कितीतरी हात लागतात. तेंच शेत गवताला सोडलें तर एक मेंढपाळ व त्याचा कुत्रा शेंकडों मेंढ्या राखतो. जमीनदाराचा हिशेब ह्यांत आला. पंधराव्या शतकाच्या आरंभीं गांव पर्सींच्या हातून हिल्टन घराण्याच्या हातीं गेलें होतें. १४५८ च्या सुमारास घरें सोळा उरलीं. १५०० च्या आसपास शेवटचीं कुटुंबें हुसकावलीं गेलीं व सारी जमीन मेंढ्यांना मोकळी झाली. मेंढ्यांसाठीं शेतें व गांवें मोडल्याच्या तक्रारी देशभर इतक्या वाढल्या कीं, १५१७ त सरकारला चौकशी नेमावी लागली. त्या चौकशीच्या कागदांत ह्या गांवचीं चार घरें पाडलीं गेल्याची नोंद आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'युटोपिया' ग्रंथांत टॉमस मोर ह्यानें ह्याच अन्यायाविरुद्ध लेखणी उचलली होती.

चार घरें! कागदांत हा आंकडा अगदीं क्षुल्लक दिसतो. त्या चार घरांतील माणसें कोणत्या वाटेनें गेलीं, मॉल्टनच्या बाजारांत मजुरीला लागलीं कीं थिक्सेंडेलला सोयऱ्यांकडे राहिलीं, ह्याचा कागदांत पत्ता नाहीं. मंदिर ज्याच्या नांवानें बांधलें होतें त्या संत मार्टिनची गोष्ट अशी सांगतात कीं, कडक थंडींत वेशीपाशीं उघडा भिकारी पाहून त्यानें आपला झगा तरवारीनें मधोमध कापला व अर्धा त्यास दिला. लोंकरीपायीं घरें गेलेल्या ह्या गांवकऱ्यांना बाहेर पडतांना आपल्या संताची आठवण झाली असेल कीं नाहीं कोण जाणे.

आतां पुन्हां भिंतींकडे वळूं. कारण ह्यापुढचा इतिहास तेथें फार स्पष्ट लिहिलेला आहे. मंडळी घटली, मोठ्या इमारतीचें छप्पर शाकारण्याची ताकद उरली नाहीं. तेव्हां गांवकऱ्यांनीं काय करावें? त्यांनीं पडव्या पाडल्या. प्रथम एक आणि कालांतरानें दुसरी. पडवी पाडली कीं मधल्या कमानी उघड्या पडतात व वारा थेट मंदिरांत शिरतो. म्हणून कमानींची पोकळी दगडांनीं बुजवून टाकली. पाडलेल्या पडवीच्या खिडक्या फेंकून न देतां ह्या बुजविलेल्या कमानींत पुन्हां बसविल्या. घरांत माणसें कमी झालीं म्हणजे शहाणी गृहिणी मोठीं भांडीं माळ्यावर ठेवते, पण विकीत नाहीं. तसलाच हा काटकसरीचा संसार. पुढें सतराव्या शतकांत चॅन्सेलहि आखूड करण्यांत आलें. धर्मसुधारणेनंतर उपासनेची पद्धत बदलली होती, वेदीपुढें फार जागा लागत नव्हती, हेंहि त्याचें कारण असूं शकेल. पण मुख्य कारण पैशाची चणचण हेंच दिसतें.

ह्या भिंतींपुढें उभा राहणाऱ्यास आजहि तीन गोष्टी एका ठिकाणीं दिसतात. अखंड भिंत असती तर तिनें कांहींच सांगितलें नसतें. येथें भिंतीच्या पोटांत अर्धे गाडलेले खांब आहेत, त्यांवर कमानींची वळणें आहेत, आणि कमानींच्या आंत निराळ्याच घडणीचे दगड भरलेले आहेत. खांब व कमानी म्हणजे भिंत फोडून गांव बाहेर वाढलें त्या दिवसांची खूण. आंतला भराव म्हणजे तें मागें सरलें त्या दिवसांची. असलें बांधकाम दिसल्यास कोणतें आधींचें व कोणतें मागाहूनचें हें ओळखण्याचा नियम सोपा आहे: जो दगड दुसऱ्याच्या आधारावर किंवा पोकळींत बसला आहे तो मागाहूनचा. आपल्या गांवांतील जुना वाडा, वेशीची कमान किंवा देवळाचा सभामंडप ह्या नियमानें पाहिला तर विद्यार्थ्यांस पुष्कळ गमती सांपडतील.

येथें एक प्रश्न सहज मनांत येतो. गांव १५०० च्या सुमारास उठलें, तर मंदिराची दुरुस्ती पुढें कोण करीत होतें? उत्तर पॅरिशच्या रचनेंत आहे. व्हॅरम पर्सीप्रमाणेंच रेस्थॉर्प, बर्डेल आणि टाउथॉर्प हींहि गांवें मोडलीं. पांचांतलें एकटें थिक्सेंडेल खरें गांव म्हणून उरलें. तेथील लोकांना दुसरें मंदिर नव्हतें. ते टेकड्यांच्या खोऱ्याखोऱ्यांतून सुमारें तीन मैल चालत येत. दर रविवारीं जाऊन येऊन सहा मैल. कडेवरचें मूल बाप्तिस्म्याला आणावयाचें तरी तीच वाट, आणि खांद्यावरचें प्रेत आणावयाचें तरी तीच वाट. ज्या गांवांत एकहि चूल पेटत नव्हती त्या गांवच्या मंदिराची घंटा ह्या लोकांसाठीं साडेतीनशेंहून अधिक वर्षें वाजत राहिली. १८५३ त खोऱ्यांतून मॉल्टन-ड्रिफील्ड आगगाडी सुरू झाली, तरी थिक्सेंडेलकरांची पायपीट कांहीं चुकली नाहीं.

ती चुकली १८७० मध्यें. स्लेडमियरचे जमीनदार सर टॅटन साइक्स ह्यांनीं त्या भागांत अनेक मंदिरें बांधविलीं व जुनीं नीट करविलीं. त्यांनीं थिक्सेंडेललाहि, जॉर्ज एडमंड स्ट्रीट ह्या नामांकित शिल्पज्ञाकडून, नवें मंदिर बांधून दिलें. लोकांची मोठीच सोय झाली ह्यांत संशय नाहीं. त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आशीर्वादच मिळाले असतील. पण जुन्या मंदिराचा आधार गेला. प्लेगनें, मेंढ्यांनीं, हिल्टननीं जें साधलें नव्हतें तें एका चांगल्या कृत्यानें साधलें. त्यानंतर आसपासच्या चार शेतवाड्यांतील माणसांसाठीं अधूनमधून उपासना होत असे. शेवटची उपासना १९४९ त झाली.

आणि मग इमारत किती लवकर ढांसळली पाहा! जी नऊशें वर्षें कमीअधिक होत पण सतत राबती होती, ती बंद झाल्यावर दहाच वर्षांत, १९५९ त, मनोऱ्याचा पश्चिमेकडील भाग कोसळला. उरलेला अर्धा भाग उभा चिरल्यासारखा अजून तसाच आहे. दगडाला आयुष्य असतें तें त्याच्या जातीमुळें थोडें, आणि गटारांतला पाला काढणारा, फुटलें कौल बदलणारा कोणी असतो म्हणून पुष्कळ.

योगायोग असा कीं, मंदिर बंद होण्याच्या सुमारासच गांवाचा शोध लागला. लीड्स विद्यापीठांतील अर्थशास्त्रीय इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड १९४८ त ह्या जागीं आले. १९५० त त्यांनीं येथें खणावयास आरंभ केला. १९५२ त जॉन हर्स्ट हे पुराणवस्तुसंशोधक त्यांना येऊन मिळाले, आणि १९९० पर्यंत, चाळीस वर्षें, दर उन्हाळ्यांत हें काम चाललें. विद्यार्थी, शिक्षक व हौशी स्वयंसेवक येऊन हातीं खुरपीं घेत. पूर्वीं असल्या कामांत अरुंद चर खणीत व हातीं लागेल तें उचलीत. येथें सबंध घराची जागा एकदम उघडी करून, एकेक थर अलगद काढून, पूर्वींच्या पिढीच्या घराचा पाया कोठें व नंतरच्या पिढीचा कोठें, हें पाहण्याची रीत पाडली. राजेरजवाड्यांचे किल्ले उकरणारे पुष्कळ असतात. कुळवाड्यांच्या झोंपड्यांसाठीं एवढी चिकाटी दाखविणारे विरळा.

मंदिराचें खोदकाम झालें तेव्हां आंतून व भोंवतालच्या दफनभूमींतून सुमारें सातशें सांगाडे निघाले. तींच ह्या गांवचीं माणसें. त्यांच्या हाडांवरून कळलेल्या दोनतीन गोष्टी आईबापांस विशेष वाटतील. तेथील माता आपल्या मुलांना सुमारें दीड वर्ष अंगावर पाजीत, असें लहान मुलांच्या हाडांच्या रासायनिक परीक्षणावरून ठरलें. मुलांची वाढ आजच्या त्याच वयाच्या मुलांहून बरीच मागें होती. अपुरें अन्न व वारंवार येणारीं दुखणीं ह्यांची ती साक्ष. आणि एका चाळिशीच्या माणसाच्या कवटीवर तर आश्चर्यच आढळलें. दहाव्या-अकराव्या शतकांतील हा मनुष्य. कसल्याशा बोथट हत्यारानें त्याच्या डोक्यास जबर मार बसला होता, कवटींतील हाड मोडून आंत गेलें होतें. तें कोणीतरी कातडें उचलून, मेंदूस धक्का न लागूं देतां, काढून घेतलें होतें. हाडाच्या कडा भरून आलेल्या आहेत, म्हणजे मनुष्य त्यांतून जगला. जेथें शाळा नाहीं, रुग्णालय नाहीं, अशा खेड्यांत हजार वर्षांपूर्वीं असला वैद्य कोठून आला असेल?

आतां हें स्थळ इंग्लिश हेरिटेज ह्या संस्थेच्या देखरेखीखालीं आहे. मोटारी दूर ठेवून, टेकडी उतरून पायींच तेथें जावें लागतें. मंदिराच्या भिंती आणखी ढांसळूं नयेत म्हणून बळकट केल्या आहेत. छप्पर पुन्हां घातलेलें नाहीं. दफनभूमींत अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील थडग्यांचे दगड उभे आहेत, आणि त्यांपैकीं कित्येक त्या खोऱ्यांतून चालत येणाऱ्या थिक्सेंडेलच्या लोकांचे असले पाहिजेत. वरच्या सपाटीवर, जेथें चाळीस घरें होतीं, तेथें गवतांत मेंढ्या चरत असतात.